दोन न जन्मलेले संगीतकार आणि दहा शिलिंगांचा सिंह

सुई_अडकली

‘द लायन स्लीप्स टुनाइट’च्या कागदोपत्री खानदानात दोन माणसं अशी आहेत जी कधी जन्मालाच आली नाहीत. एक पॉल कॅम्पबेल, दुसरा अल्बर्ट स्टॅन्टन. दोघांच्या नावावर रीतसर हक्क नोंदलेले, रॉयल्टीही जमा होत आली. आणि जो खराखुरा जन्मला, ज्यानं चाल बांधली आणि स्वतः गायली, तो वारला तेव्हा त्याच्या खात्यात पंचवीस डॉलरही नव्हते.

शेजारच्या ‘साठच्या दशकातली इंग्रजी गाणी’ धाग्यावर या गाण्याचा विषय निघाला होता. प्रतिसादात मावणार नाही म्हणून इथे वेगळं लिहितोय. नावावरून आठवत नसेल त्यांच्यासाठी: ‘द लायन किंग’मध्ये (१९९४) टिमॉन आणि पुम्बा गातात ते. लोकांना माहीत झालं ते १९६१ मध्ये, ‘द टोकन्स’ नावाच्या ब्रुकलिनच्या चार पोरांमुळे. पण मुळाशी जायचं तर १९३९ चं जोहान्सबर्ग गाठावं लागतं.

सॉलोमन लिंडा १९०९ चा. दक्षिण आफ्रिकेत, तेव्हाच्या नाताळ प्रांतात, म्सिंगा म्हणून भाग आहे, तिथल्या पोमरॉय गावाजवळचा. झुलू. मिशनच्या शाळेत गेला, तिथे चर्चचं चार आवाजांतलं गाणं कानावर पडलं. घरची गुरं राखायची आणि सिंहापासून वासरं सांभाळायची, हेही पोरवयातलंच काम. १९३१ मध्ये पोटासाठी जोहान्सबर्गला आला, फर्निचरच्या दुकानात लागला, पुढे कार्लटन हॉटेलात. काकांचा ‘इव्हनिंग बर्ड्‌स’ नावाचा गट होता, तो मोडल्यावर यानं तेच नाव घेऊन नवा गट उभा केला. सगळे पोमरॉयकडचे मित्र. वरच्या आवाजाला स्वतः लिंडा, मधल्या पट्ट्यांत दोघं आणि खर्जाला तिघं.

यांचा पोशाख मुद्दाम सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ समजायला तो लागतो. रेघारेघांचे सूट, डोक्यावर बोलर हॅट, पायात चकचकीत बूट. स्टेजवर पावलं एकसाथ पडणार. म्हणजे हे शहरातले, तालमी करून उभे राहणारे, तिकीट लावून गाणारे लोक होते. कमरेला कातडं गुंडाळून शेकोटीभोवती नाचणारी टोळी नव्हे.

लिंडा पुढे एरिक गॅलोच्या रेकॉर्ड कंपनीच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला होता. कंपनीसाठी गायक हुडकणारा ग्रिफिथ मोत्सिएलोआ, तोही काळाच, त्यानं हा गट हेरला आणि १९३९ मध्ये स्टुडिओत आणला. गाण्याचं नाव ‘म्बुबे’, म्हणजे सिंह. पहिला टेक जमला नाही, दुसराही नाही. मग मोत्सिएलोआनं बाहेरून एक पियानोवाला, एक गिटारवाला आणि एक बॅन्जोवाला पकडून आणला आणि तिसरा टेक लावला. खाली तिघांचा खर्ज तेच ते घोळवत बसलाय, वर लिंडा शब्द सोडून नुसत्या वरच्या आवाजात मोकळा फिरतोय. आणि टेक संपत आलेला असताना त्याच्या तोंडून एक ओळ निघते. आज जगातलं कुठलंही पोर गुणगुणतं ती ‘इन द जंगल’वाली ओळ. ठरवलेली नाही, लिहिलेली नाही. एकदाच येते आणि रेकॉर्ड संपते.

दक्षिण आफ्रिकेत हे गाणं तुफान चाललं. १९४८ पर्यंत लाखभर प्रती खपल्या होत्या म्हणतात. त्या पद्धतीच्या गाण्यालाच लोक ‘म्बुबे’ म्हणायला लागले. लिंडाची कमाई? हक्क गॅलोला दिल्याचा कागद १९५२ चा आहे, मोबदला दहा शिलिंग. म्हणजे अर्धा पौंड.

आता समुद्रापलीकडे. गॅलोनं न्यूयॉर्कला डेका कंपनीकडे काही रेकॉर्डी पाठवल्या होत्या, इथलं काही तिकडे खपतंय का बघायला. डेकाला रस नव्हता. तो गठ्ठा लोकगीतं जमवणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सच्या हाती आला आणि त्यानं तो १९४९ च्या सुमारास आपल्या मित्राला, लोकगायक पीट सीगरला नेऊन दिला. सीगरला ‘म्बुबे’चं वेडच लागलं. ऐकून ऐकून त्यानं ते उतरवून घेतलं. मूळ शब्द ‘उयिंबुबे’, तू सिंह आहेस. घासलेल्या रेकॉर्डवर सीगरला ऐकू आलं ‘विमोवे’. त्याच्या ‘द वीव्हर्स’ या गटानं गॉर्डन जेनकिन्सच्या वाद्यवृंदासह ते रेकॉर्ड केलं आणि १९५२ च्या सुरुवातीला ते अमेरिकेत गाजायला लागलं. वाद्यवृंद म्हणजे पिठल्यावर चेरी ठेवावी तसा प्रकार आहे, पण सीगरचा आवाज त्यातूनही पोचतो.

या रेकॉर्डवर संगीतकार म्हणून नाव होतं पॉल कॅम्पबेल. हा वीव्हर्स मंडळींचा सामायिक मुखवटा. जुनं लोकगीत कुणाच्या मालकीचं नसतं, पण त्याचं तुम्ही केलेलं ‘रूपांतर’ मात्र नावावर नोंदवता येतं. त्यासाठी हे नाव. प्रकाशक हाउई रिचमंडच्या ऑफिसातला अल ब्रॅकमन असाच ‘अल्बर्ट स्टॅन्टन’ व्हायचा.

वीव्हर्सना हे यश फार दिवस भोगता आलं नाही. १९५२ च्या फेब्रुवारीत हार्वी मॅटुसो नावाच्या खबऱ्यानं वॉशिंग्टनच्या समितीपुढे साक्ष दिली की हे लोक कम्युनिस्ट आहेत. कार्यक्रम बंद, रेडिओ बंद. (पुढे याच मॅटुसोनं आपण खोटं बोलायचो हे कबूल केलं आणि तुरुंगात गेला.) पण १९५५ मध्ये वीव्हर्स पुन्हा कार्नेगी हॉलमध्ये गायले, त्या मैफिलीची रेकॉर्ड निघाली, आणि ती ब्रुकलिनच्या पोरांनी पाठ केली.

टोकन्स ऑडिशनला आरसीए व्हिक्टरमध्ये गेले तेव्हा ‘विमोवे’च गायले. निर्माते ह्यूगो पेरेटी आणि लुइजी क्रिएटोर यांनी जॉर्ज वाइस या गीतकाराला बोलावलं. वाइसचं डोकं चांगलं चाललं. लिंडानं शेवटी एकदाच गायलेली ती ओळ त्यानं उचलली आणि तिच्यावर इंग्रजी शब्द बसवून तिलाच मुखडा केलं. वर जे लांबलचक ‘ऊऊ’ येतं ते अनिता डॅरियन या ऑपेरावाल्या बाईंचं. १९६१ च्या जुलैमध्ये रेकॉर्डिंग झालं आणि पोरांना इतकी लाज वाटली की हे बाहेरच काढू नका म्हणून ते मागे लागले. गाणं तबकडीच्या उलट्या बाजूला टाकलं, सुलट्या बाजूला ‘टीना’ म्हणून काहीतरी होतं. एका रेडिओवाल्यानं तबकडी उलटी लावली. १८ डिसेंबरला बिलबोर्डच्या अमेरिकी यादीत पहिला नंबर, तिथे तीन आठवडे मुक्काम.

लिंडा तेव्हा आजारी होता. १९५९ मध्ये स्टेजवरच कोसळला होता, मूत्रपिंडं गेली होती. १९६२ मध्ये वारला. थडग्यावर दगड बसवायला घरच्यांना अठरा वर्षं लागली.

---

घाटावरची

सुन्न. आमच्याकडे लेकीला झोपवताना हे गाणं नेमानं व्हायचं. घरात एवढं वाजलं पण कुणाचं आहे हा प्रश्न मनात आला नाही.

एक विचारायचं होतं. सीगर तर कामगारांच्या बाजूनं उभा राहणारा, तत्त्वाचा माणूस ना? त्याला माहीत नव्हतं का?

---

तिरकस

लेख उत्तम. पण मला वाइससाहेबांच्या प्राणिशास्त्राबद्दल तक्रार नोंदवायची आहे. सिंह दाट जंगलात राहत नाही, गवताळ माळावर राहतो. दिवसाचे वीसेक तास लोळण्यात घालवतो आणि कामाला निघतो ते रात्री. म्हणजे ‘टुनाइट’ ही त्याची नेमकी ड्युटीची वेळ. या गाण्यावर विसंबून जे गाव शांत झोपलं असेल त्याची गुरं सकाळी मोजायला हवी होती.

लिंडानं प्रत्यक्ष गुरं राखलेली. त्याच्या गाण्यात सिंह झोपत नाही हे लक्षात घ्या.

---

मंद्रसप्तक

त्या ओळीबद्दल थोडं. हार्मोनियम जवळ असेल तर वाजवून बघा:

सा रे ग रे / ग म ग रे सा / रे ग रे सा ग रे

हे टोकन्सच्या रूपातलं. पंधरा सूर, त्यात वापरलेले स्वर फक्त चार. सारेगम. पहिल्या महिन्यात शिकणाऱ्या मुलाला येईल. गंमत शेवटात आहे. ओळ ‘सा’वर येऊन बसत नाही, ‘रे’वर लोंबकळत राहते. म्हणून ती पुन्हा म्हणावीशी वाटते, आणि पुन्हा, आणि म्हणून डोक्यातून जात नाही. खाली तीनच कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरगट), ‘सा’चा, ‘म’चा, परत ‘सा’चा, मग ‘प’चा, की आवर्तन संपलं. ‘रे’ हा ‘प’च्या कॉर्डमधलाच स्वर. म्हणजे ओळ तिथे अधांतरी ठेवून खालचं चक्र तिला पुढच्या समेवर आणून सोडतं.

तीन कॉर्ड मिशनच्या प्रार्थनांतून आलेत हे उघड आहे. पण चर्चमध्ये खर्ज खाली मुकाट्यानं साथ करतो. इथे खर्जच गाणं ओढतो. तिघं मिळून तोच तुकडा न थकता फिरवतात आणि वरचा एकटा आवाज त्याच्यावर काय वाट्टेल ते करायला मोकळा. ही मांडणी झुलू समूहगानाची. लिंडानं दोन्ही एकत्र बांधलं, वर एकाला तीन खर्ज ठेवून तळ भक्कम केला. पुढे लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो या झुलू गायकगटापर्यंत सगळे याच रस्त्यानं गेले. पॉल सायमनच्या ‘ग्रेसलँड’ अल्बममुळे (१९८६) त्यांचे आवाज आपल्याकडेही पुष्कळांनी ऐकलेत.

सीगरनं जे उतरवून घेतलं त्यात खर्जाचं चक्र मुख्य होतं. वाइसनं वरची ओळ मुख्य केली. दोन्ही लिंडाचीच. मग अमेरिकेत नवं काय झालं? शब्द. आणि ते कसे आहेत ते तिरकस यांनी वर सांगितलंच आहे.

---

डफावर_थाप

@घाटावरची ताई, माहीत नव्हतं हे म्हणणं मला पटत नाही.

रेकॉर्डवर लेबल असतं. गायकाचं नाव असतं, कंपनीचं नाव असतं. गॅलोची तबकडी हातात धरून ‘हे पारंपरिक दिसतंय’ असं वाटायला एक विशिष्ट नजर लागते. तेच गाणं शिकागोच्या कंपनीच्या तबकडीवर असतं तर सीगरनं फोन फिरवून विचारलं नसतं का कुणाचं आहे म्हणून? आफ्रिकेतलं आहे, म्हणजे कुणाचंच नाही, म्हणजे आपलं. तत्त्वाची माणसंसुद्धा यातून सुटत नाहीत. उलट तत्त्वाची माणसं जास्त बेफिकीर असतात, कारण आपण चांगलेच आहोत याची त्यांना खात्री असते.

---

सुई_अडकली

डफावर_थाप, निम्मं मान्य.

सीगरनं नंतर जे केलं तेही सांगायला हवं. गाण्याला खरा कर्ता आहे हे कळल्यावर त्यानं लिंडाला एक हजार डॉलरचा चेक पाठवला आणि प्रकाशकाला सांगितलं की माझ्या वाट्याची रॉयल्टी त्याला पाठवत जा. एवढं त्या काळात किती जणांनी केलं? पुढे प्रकाशकाच्या ऑफिसातून ते पैसे नीट पोचतात की नाही याचा पाठपुरावा त्यानं केला नाही, आणि म्हातारपणी त्याबद्दल त्याला वाईट वाटत असे. माझ्या मते सीगरचा दोष हा पैशाचा नाही, हिशेबाला कंटाळण्याचा आहे. आणि ज्याचं पोट भरलेलं आहे त्यालाच हिशेबाचा कंटाळा परवडतो.

मला जास्त राग गॅलोचा येतो. त्यांना तर माहीत होतं ना कुणी गायलंय! तो त्यांच्याच कारखान्यात रेकॉर्डी खोक्यात भरत होता. तरी त्यांनी अमेरिकेतला दावा सोडून दिला आणि बदल्यात ‘विमोवे’चे आफ्रिकेच्या काही भागातले हक्क घेतले. आपल्याच कामगाराचं गाणं तिकडून दुसऱ्या नावानं परत आलं आणि ते विकायला हे तयार.

---

जोबर्गची_वारी

काही वर्षं नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला होते. तिथल्या कामगारांच्या हॉस्टेलमध्ये अजूनही या पद्धतीच्या गाण्याच्या स्पर्धा होतात, शनिवारी रात्री सुरू होतात आणि रविवारची सकाळ उजाडते. एका ओळखीच्या सहकाऱ्यामुळे मला एकदा जायला मिळालं.

सिमेंटचा हॉल, ट्यूबलाइट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. प्रत्येक गट एकसारख्या सुटात. कोटाच्या वरच्या खिशात रुमाल, हातात पांढरे हातमोजे. पॅन्टची इस्त्री मोडू नये म्हणून लोक बसत नव्हते, भिंतीला टेकून उभे. गट आत येतानाच गात येतो, बूट जमिनीवर टेकतात पण आवाज होऊ द्यायचा नाही, चवड्यांवर चालायचं. तीसचाळीस जणांचे बूट आणि आवाज नाही. मग एकदम सगळे मिळून एक पाय उचलतात आणि तो मात्र हळूच, मांजराच्या चालीनं खाली येतो. बायका मधेच उठून आपल्या माणसाच्या कोटाला नोट टाचून येतात.

जुन्या काळी परीक्षक म्हणून कोणीतरी गोरा माणूस आणून बसवायची पद्धत होती, रस्त्यावरून जाणारासुद्धा चालायचा. त्याला झुलू येत नाही, तो कुणाच्या गावचा नाही, म्हणून तो निःपक्षपाती! वर्णद्वेषाच्या राजवटीत ज्यांना त्या शहरात रात्री फिरायला पास लागायचा ते लोक निःपक्षपातीपणासाठी गोऱ्याला बोलवायचे. यावर हसायचं की काय करायचं मला अजून कळलेलं नाही.

लिंडाचं नाव तिथे सगळ्यांना माहीत आहे. टोकन्सचं कुणालाच नाही.

---

तिरकस

@जोबर्गची_वारी, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. लिहाच.

---

कायद्याचं_बोला

आता माझ्या आवडीचा भाग, कारण यात शेवटी डोनाल्ड डकला कोर्टात खेचण्यात आलं.

प्रकरण पुन्हा वर आलं ते राइअन मलान या दक्षिण आफ्रिकन पत्रकारामुळे. २००० मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये त्याचा भलामोठा लेख आला. नुसत्या ‘लायन किंग’मधल्या वापरातून या गाण्यानं दीड कोटी डॉलर मिळवले असावेत असा त्याचा अंदाज होता. लिंडाच्या मुली जोहान्सबर्गलगतच्या सोवेटो वस्तीत राहत होत्या. त्यातली एक २००१ मध्ये एड्सनं वारली, औषधं परवडत नव्हती.

वकील म्हणाले ठीक आहे, पण केस कशावर उभी करायची? लिंडाची सही आहे. पुढे त्याच्या विधवेचीही घेतलेली आहे, मुलींचीही घेतलेली आहे. कागद सगळे जागच्या जागी. इथे ओवेन डीन नावाच्या कॉपीराइटतज्ज्ञानं १९११ चा ब्रिटिश साम्राज्याचा कायदा उघडला. त्याच्या पाचव्या कलमात एक परंतुक होतं: लेखकानं हयातीत हक्क कुणालाही विकलेले असोत, त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते विकत घेणाऱ्याच्या हातून सुटतात आणि लेखकाच्या कायदेशीर प्रतिनिधीकडे परत येतात. याला ‘डिकन्स तरतूद’ म्हणतात, लेखकाचं नाव गाजतंय आणि घरचे हलाखीत आहेत असं होऊ नये म्हणून. लिंडा गेला १९६२ मध्ये. अधिक २५. म्हणजे १९८७ पासून ब्रिटिश साम्राज्यात जे जे देश होते तिथे ‘म्बुबे’ पुन्हा लिंडाचं. ‘लायन किंग’ १९९४ चा. आलं लक्षात?

आणि मुलींच्या सह्यांचं काय? इथे वकिली बघा. हक्क परत येतो तो ‘प्रतिनिधीकडे’, म्हणजे इस्टेटीची व्यवस्था बघणाऱ्या एक्झिक्युटरकडे, थेट मुलींकडे नाही. एक्झिक्युटर कुणी नेमलाच नव्हता. मग मुलींनी सही करून दिलं काय? जे त्यांच्याकडे आलंच नव्हतं ते! म्हणून आधी एक्झिक्युटर नेमला आणि त्याच्या नावानं दावा लावला.

जुलै २००४, प्रिटोरिया, प्रतिवादी डिस्नी. डिस्नी अमेरिकेतली, प्रिटोरियाच्या कोर्टाची सत्ता तिच्यावर कशी चालणार? तर तिची दक्षिण आफ्रिकेतली मालमत्ता अटकावून. मालमत्ता कोणती, तर नोंदवलेले ट्रेडमार्क. मिकी माऊस, डोनाल्ड डक यांच्यासकट दोनशेहून जास्त ट्रेडमार्कांवर कोर्टानं टाच आणली. मागणी एक कोटी रँडची. खर्चाचा भार दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी कलाखात्यानं आणि, ऐका, गॅलो कंपनीनं उचलला.

सुनावणी व्हायच्या आतच, फेब्रुवारी २००६ मध्ये, समझोता झाला. रकमा गुप्त. जाहीर झालं ते असं: आधीच्या वापराचे पैसे वारसांना, पुढच्या रॉयल्टीत वाटा, ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे ‘म्बुबे’तून आलंय याची कबुली आणि सॉलोमन लिंडा सहसंगीतकार. पैसे सांभाळायला ट्रस्ट.

खटला शेवटपर्यंत चालला असता तर निकाल पुढे शंभर ठिकाणी उद्धृत झाला असता, म्हणून वकील म्हणून मला हळहळ वाटते. पण सोवेटोत बसून अपिलाची दहा वर्षं कोण काढणार?

अवांतर: हाच १९११ चा कायदा १९१४ च्या कायद्यानं थोडे फेरफार करून भारतातही लागू होता. आपला १९५७ चा कायदा १९५८ च्या जानेवारीत अमलात येईपर्यंत तोच चालला.

---

जुना_ऑर्केस्ट्रावाला

कायद्याचं_बोला साहेब, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून खुर्चीत सावरून बसलो.

आमचे चुलते गाणी बांधायचे. कोळीगीतं, लग्नातली गाणी, गणपतीतली. ऐंशीच्या दशकात एका कॅसेट कंपनीसाठी बरीच केली. पाकिटात रोख पैसे आणि एका व्हाउचरवर सही, संपला विषय. कॅसेट आली तर आतल्या कागदावर गायिकेचं नाव, संगीत संयोजकाचं नाव आणि गीत-संगीताच्या पुढे ‘पारंपरिक’. चुलते दारात बसलेले, हयात, आणि पारंपरिक! त्यांनी दुकानात जाऊन स्वतःच्या पैशानं ती कॅसेट घेतली. भांडले नाहीत. म्हणाले, लोकांना जुनं वाटतंय म्हणजे चाल जमली.

ती गाणी आज यूट्यूबवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या चॅनेलवर आहेत. आम्हाला पंचवीस वर्षांवालं काही लागू होईल का?

---

कायद्याचं_बोला

काका, खरं सांगायचं तर ती तरतूद नाही लागू होणार. १९५७ च्या कायद्यात ती घेतलीच नाही, आणि तुमची गाणी त्यानंतरची.

२०१२ ची दुरुस्ती मात्र बघा. जावेद अख्तर राज्यसभेत ज्यासाठी भांडले ती. गीतकार-संगीतकारानं हक्क विकले तरी रॉयल्टीतला समान वाटा त्याला सोडून देताच येत नाही, अपवाद वारस आणि कॉपीराइट सोसायटी यांचा. मात्र ऐंशी सालच्या कागदाला ती मागे जाऊन लागू होईल असं धरून चालू नका. तुमचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. व्हाउचरवर नेमकं काय लिहिलंय? ‘गाण्याचे मानधन मिळाले’ एवढंच असेल तर ती पावती आहे, हक्क दिल्याचं पत्र नाही. आणि कर्ता म्हणून नाव लागण्याचा हक्क विकला तरी उरतो. चुलत्यांच्या वह्या, तालमीच्या कॅसेटी, तारखा असलेलं काहीही, आधी एका जागी करा. मग व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघू.

---

डफावर_थाप

बघा, हेच म्हणत होतो. ‘पारंपरिक’ हा शब्द छापायला काही कष्ट नाहीत आणि छापला की प्रश्न विचारणारं कुणी उरत नाही. न्यूयॉर्कमध्ये आफ्रिकन माणसाचं झालं, इथे कोळीवाड्याचं. परंपरेतही कुणीतरी पहिल्यांदा म्हटलेलंच असतं.

---

मंद्रसप्तक

डफावर_थाप, इतकं सरसकट नको. लिंडानंही काकांच्या गटाकडून घेतलं, लग्नातल्या गाण्यांतून घेतलं, चर्चमधून घेतलं. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या चुलत्यांच्या कोळीगीतातही आधीच्या चाली असणारच. ‘सगळं एकट्याचं’ असा दावा कुणीच प्रामाणिकपणे करू शकत नाही. फरक असा की लिंडानं जिथून घेतलं तिथे त्याच्या घेण्यानं कुणाची चूल विझली नाही.

---

घाटावरची

मूळ ‘म्बुबे’ आत्ता शोधून ऐकलं. त्या शेवटच्या ओळीची वाट बघत बसले होते, आणि ती इतकी पटकन येऊन जाते की मागे नेऊन परत ऐकावी लागली. टोकन्सपेक्षा कितीतरी खडबडीत आहे. सुईराव, बाकीची कुठल्या क्रमानं ऐकू?

---

सुई_अडकली

आधी वीव्हर्सचं कार्नेगी हॉलमधलं. वाद्यवृंदवालं सोडलंत तरी चालेल. मग टोकन्स, हेडफोन लावून, अनिता डॅरियनसाठी. १९७२ चं रॉबर्ट जॉनचं आणि १९८२ चं टाइट फिटचं खूप गाजलं, पण माझ्या कानाला दोन्ही साखरेत घोळवलेली वाटतात.

मिरियम मखेबाचं मात्र चुकवू नका. १९६० चं, म्हणजे टोकन्सच्या आधीचं, आणि गाण्याचं नाव ‘म्बुबे’च ठेवलेलं. अमेरिकेत निघालेल्या रेकॉर्डवर तोपर्यंत हे दुर्मीळच. श्रेयात नावही आहे: जे. लिंडा.

---

तिरकस

सॉलोमनचा ‘जे’?

---

सुई_अडकली

हो. ‘जे’.

---

तिरकस

पॉल कॅम्पबेलपेक्षा बरं. निदान आडनावाचा माणूस तरी अस्तित्वात होता.